डिझेल वाढले, ठरलेले भाडे मात्र तेच: लहान वाहतूकदाराने काय करावे?

प्रश्न

भोसरीत माझ्या तीन चौदा फुटी गाड्या आहेत. दोन गाड्या चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांना सुटे भाग पोहोचवतात, तिसरी मिळेल त्या भाड्यावर चालते. कारखान्यांशी भाडे वर्षाच्या सुरुवातीला ठरते आणि वर्षभर तेच राहते. डिझेलचा दर मात्र जून २०१७ पासून रोज बदलू शकतो. एक गाडी महिन्याला साधारण ५,००० किलोमीटर धावते आणि लिटरला ८ किलोमीटर देते, म्हणजे ६२५ लिटर डिझेल लागते. लिटरमागे ४ रुपये वाढले, तर तीन गाड्यांचे मिळून महिन्याला ७,५०० रुपये माझ्या खिशातून जातात. बँकेचा हप्ता, विमा आणि चालकांचा पगार यांतले काहीच थांबवता येत नसल्यामुळे मी टायर बदलणे पुढे ढकलत आलो आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते धोक्याचे आहे हे मला कळते. भाडेवाढ मागितली तर काम दुसऱ्याकडे जाईल, अशी भीती वाटते. आपण यातून कसा मार्ग काढता?

प्रतिसाद १

मी अठरा वर्षे याच पट्ट्यात गाड्या चालवतो. सरसकट भाडेवाढीऐवजी करारात डिझेलचे कलम मागा. कराराच्या दिवशीचा पंपावरचा दर मूळ दर म्हणून लिहून घ्यावा आणि भाड्यात डिझेलचा वाटा किती, हे दोघांनी मान्य करावे. हा वाटा ४५ टक्के धरला, तर डिझेल १० टक्क्यांनी वाढल्यावर भाडे साडेचार टक्क्यांनी वाढते. दर उतरला तर भाडेही त्याच हिशेबाने उतरेल असे आपणहून लिहून द्या, कारण खरेदी विभागातला माणूस बहुधा त्याच वाक्यावर तयार होतो. मला पहिल्या वर्षी नकार मिळाला. दुसऱ्या वर्षी एका कारखान्याने कलम मान्य केले.

मात्र ४५ हा आकडा माझ्याकडून उचलू नका. तीन महिन्यांच्या डिझेलच्या पावत्या काढा आणि त्याच काळातल्या भाड्याशी ताडून पाहा. परतीची फेरी रिकामी येत असेल, तर तुमचा वाटा बराच जास्त निघेल. फाटकाबाहेर माल उतरवण्यासाठी गाडी किती तास थांबते, तेही टिपून ठेवा. त्याची भरपाई वेगळी मागता येते.

प्रतिसाद २

मी करसल्लागार आहे. डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्याने त्यावरील उत्पादन शुल्क आणि व्हॅटचे क्रेडिट, म्हणजे भरलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सवलत, वाहतूकदाराला मिळत नाही, म्हणून इंधनवाढीचा पूर्ण भार त्याच्याच हिशेबात राहतो. दुसरी गोष्ट उधारीची. डिझेल रोखीने भरायचे आणि भाडे तीन महिन्यांनी घ्यायचे, म्हणजे कारखान्याला लागणारे भांडवल आपण पुरवण्यासारखे आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करून घ्या. ती विनामूल्य आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. व्याजासाठी भांडायला जा असे मी म्हणणार नाही, परंतु नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

प्रतिसाद ३

आमच्यासारख्यांचे काय, हेही येथे लिहिले पाहिजे. मी जुन्नर भागातून मार्केट यार्डात भाजी आणतो. तेथे करार नसतो. रात्री दलाल सांगेल ते भाडे. कलम कोणाकडे मागणार? आम्ही गावातल्या चार गाडीवाल्यांनी मिळून एवढेच ठरवले, की एका ठरावीक भाड्याखाली कोणीही गाडी लावायची नाही आणि परतताना किराणा किंवा खताचा माल एकमेकांना द्यायचा. सीएनजीचाही विचार केला होता, पण पंपावरच्या रांगेत तास गेला तर पहाटेचा लिलाव चुकतो.

प्रश्नकर्ता

आपल्या सांगण्यावरून काल रात्री पावत्या काढून बसलो. रांजणगावच्या फेऱ्यांत डिझेलचा वाटा ५२ टक्के निघाला, कारण गाडी तेथून जवळजवळ रोज रिकामी परतते; चाकणचा ४१ टक्के आहे. दोन्ही कामे मी आजवर एकाच दराने करत होतो. सोमवारी रांजणगावच्या कारखान्यात हा कागद घेऊन जातो, आणि मागचे दोन टायर त्याआधीच बदलून घेतो.