काळ्या मातीत घराचा पाया: सात फूट खोदूनही मुरूम लागत नाही

प्रश्न – परभणीकर
नमस्कार. परभणी शहराच्या कडेला, पूर्वी कापसाचे शेत असलेल्या आणि नंतर अकृषिक झालेल्या जमिनीवर आमचा ३० बाय ४० फुटांचा प्लॉट आहे. सध्या तळमजलाच बांधायचा असून पुढे जमल्यास वर एक मजला चढवायचा विचार आहे. गेल्या आठवड्यात कॉलमचे खड्डे घेतले. सात फुटांपर्यंत गेलो तरी काळी चिकणमातीच आहे आणि दिवाळी होऊन गेली तरी दोन खड्ड्यांत रात्रीतून वीतभर पाणी साचते. तळाची माती मुठीत दाबली की बोटांचे ठसे तसेच राहतात, फावड्याला चिकटलेली तर खरवडूनच काढावी लागते.

ठेकेदारांचे म्हणणे असे की पाणी उपसून दोन फूट वाळू भरावी आणि वर पीसीसी (सळ्या नसलेले साधे काँक्रीट) करून फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, घ्यावे. इकडे सगळे असेच करतात. शेजारचे घर तीन वर्षांपूर्वी याच पद्धतीने झाले. त्यांच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग उन्हाळ्यात रुपयाचे नाणे आत जाईल एवढी रुंदावते आणि पावसाळ्यात जवळजवळ मिटते. दोनदा भरून रंग दिला, तरी ती तिथेच उघडते. वाळू पुरेल, की आणखी खोल जावे? खर्च वाढणार असेल तर तो नेमका कशासाठी, हे समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ – आराखडा
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. शेजाऱ्यांची भेग नुसतीच रुंदावत गेली असती तर पाया खचतो आहे असे म्हणता आले असते. ती ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते, याचा अर्थ खालची माती फुगते आणि आकसते. बेसाल्ट झिजून झालेल्या आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते आणि त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते. घराच्या कडेची माती लवकर भिजते व लवकर सुकते, मधली मात्र ओल धरून राहते. त्यामुळे सगळे घर एकसारखे वरखाली होत नाही आणि भिंत कोपऱ्यातून फाटते. याचा जास्त त्रास एकमजली घराला होतो, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजनच त्याच्यात नसते.

वाळू भरलेला खड्डा म्हणजे चिकणमातीतला हौद. आजूबाजूचे पाणी त्यात उतरून साठते आणि नेमके फूटिंगखालीच मुरत राहते. तेव्हा आधी माती तपासून घ्या. चाचणी अगदी साधी आहे: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका नळीत केरोसीनमध्ये आणि तेवढीच दुसऱ्या नळीत पाण्यात टाकतात व २४ तासांनी दोन्हींचे आकारमान ताडून पाहतात. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, म्हणून फरक सरळ दिसतो. तो ५० टक्क्यांच्या वर गेला तर मी उथळ फूटिंगचा विचारच सोडतो.

दहा-बारा फुटांवर मुरूम लागला तर फूटिंग त्यावरच टेकवा. नाही लागला तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर कंद असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घ्यावेत, ज्यांवर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने मोठे काम केले आहे. साडेतीन ते चार मीटर खोल भोक घेऊन तळाजवळ दांड्याच्या साधारण अडीचपट रुंदीचा कंद कोरतात. ऋतूंमुळे होणारा ओलाव्यातला बदल सहसा त्या खोलीपर्यंत पोहोचत नाही आणि कंद रुतून बसल्यामुळे वरची माती फुगली तरी पाइल उचलला जात नाही. एवढे करूनही लोक एका ठिकाणी हमखास चुकतात: प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीची काँक्रीटची तुळई) थेट मातीवर ओततात. बीमखाली ८० मिलिमीटर पोकळी ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात माती बीमला खालून रेटेल.

उत्तर २ – जुना गवंडी
साहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण पाणी झिरपणाऱ्या भोकात कंद कोरताना कडा ढासळतात. त्यासाठी बेंटोनाइटचा (कडा धरून ठेवणाऱ्या बारीक चिकणमातीचा) गारा वापरावा लागतो आणि तो नीट हाताळणारी माणसे तालुक्याच्या गावी सहज मिळत नाहीत. म्हणून मुरूम आवाक्यात असेल तर माझे मत मुरमाच्याच बाजूने आहे. सगळे खड्डे एकदम उघडून ठेवू नका. शेवटचा अर्धा फूट हाताने खोदा, तळाचा चिखल खरवडून काढा आणि त्याच दिवशी पीसीसी टाका. आणखी एक, खोदलेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू देऊ नका. ट्रॅक्टरच्या खेपा वाचतात म्हणून हे सर्रास होते आणि मग वर्षभरात फरशी मध्ये फुगते. भर मुरमाचीच घ्या आणि अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने ठोकून घ्या.

आपल्या जुन्या माणसांनी गाव वसवले पांढरीत आणि शेती केली काळीत. आता प्लॉट काळीत पडत आहेत, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार!

उत्तर ३ – अकोल्याहून
आमचा पाया मुरमावर असूनही सहाव्या वर्षी मागच्या पडवीची भिंत तडकली, कारण पडवी मात्र वरच्या मातीवरच बांधली होती आणि मोरीचे पाणी तिच्याच बुडाशी मुरत होते. दुसऱ्या बाजूला भिंतीपासून पाच फुटांवर लावलेला कडुनिंब उन्हाळ्यात तिथली ओल शोषून घेई. पुढे घराभोवती चार फूट रुंद, बाहेर उतार दिलेला कोबा केला आणि मोरीचे पाणी पाइपने लांब काढले, तेव्हापासून भेग वाढलेली नाही.

परभणीकर
सर्वांचे आभार. काल एक खड्डा आणखी खोल नेला. साडेदहा फुटांवर पिवळसर मुरूम लागला आणि पहारीचा आवाजच बदलला. ठेकेदारही फार न ताणता तयार झाले. मात्र वाढीव खोदाई व काँक्रीटचा दर वेगळा ठरवावा लागेल. मातीचा नमुना उद्या प्रयोगशाळेत देतो आहे. कंपाउंडची भिंतही मुरमापर्यंत न्यावी का?

आराखडा
तेवढा खर्च नको. दर काही मीटरवर सांधा सोडून तिचे तुकडे करा आणि ती घराच्या भिंतीला कुठेही जोडू नका. प्रत्येक तुकडा थोडा वरखाली होईल, तो होऊ द्या. फाटकाचे खांब मात्र खोल घ्या, नाहीतर पावसाळ्यात कडी लागणार नाही.