कर्ज फिटेना, चूक एकट्या घेणाऱ्याचीच का?

रातराणी: मोठ्या भावाच्या डोक्यावर दोन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन आहे, निम्म्याहून जास्त पगार हप्त्यांत जातो. घरात सगळे त्यालाच बोलतात, अंथरूण पाहून पाय पसरायचे होते म्हणून, आणि ते खरंय पण. पण हप्ते उशिरा जायला लागल्यावर त्याने न मागता कार्ड देणाऱ्याने लिमिट वाढवून दिली, याला काय म्हणायचं? देणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का?

सरळमार्गी: लिमिट वाढवली म्हणून वापरायलाच हवी असं कुठेय? सही त्याची, खर्च त्याचा.

खातेवही: सरळमार्गी, अर्धंच बोललात. कर्ज देणाऱ्याकडे क्रेडिट रिपोर्ट असतो, इतर कर्जं किती, कुठे उशीर झाला सगळं दिसतं, तरी लिमिट वाढवतो कारण मिनिमम, म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरत राहणारा ग्राहक त्याला परवडतो. हिशोब बघा, महिना 3 टक्के व्याज आणि मिनिमम 5 टक्के धरलं तर मुद्दल फक्त 2 टक्क्यांनी उतरतं, नवीन काहीही न घेता बाकी निम्मी व्हायलाच जवळजवळ तीन वर्षं जातात. दक्षिण आफ्रिकेच्या 2005 च्या कायद्यात तर परतफेडीची ऐपत न तपासता दिलेलं कर्ज बेजबाबदार ठरतं, कोर्ट ते पूर्ण किंवा काही प्रमाणात रद्द करू शकतं. ब्रिटनने 2015 पासून पेडे लोनवर (पगार होईपर्यंतच्या छोट्या कर्जावर) कॅप लावली, व्याज आणि चार्जेस मिळून मूळ रकमेपेक्षा जास्त घेताच येत नाहीत.

रातराणी: पण दादाने लोनच्या फॉर्मवर दुसरं कार्ड लिहिलंच नव्हतं, हे कालच कळलं 😔

खातेवही: मग तेवढ्यापुरती बाजू लंगडी पडते ताई. त्याच आफ्रिकेच्या कायद्यात ग्राहकाने खरी माहिती दिली नाही आणि त्यामुळे तपासणीच चुकली, तर देणारा सुटतो, आणि मला ते रास्त वाटतं. लिमिट वाढवण्याचा मुद्दा मात्र वेगळा, तेव्हा उशिरा गेलेले हप्ते त्यांच्याच खात्यात दिसत होते. ते तारखांसकट लेखी कळवा, वाढीव लिमिट बंद करायला सांगा आणि हप्ते पूर्ण थकायच्या आत मुदत वाढवून मागा. फोनवर नको, लेखीच. जुनं फेडायला नवीन ॲपवरून कर्ज अजिबात घेऊ देऊ नका.

सरळमार्गी: हे पटलं. ज्या कार्डचं व्याज जास्त ते आधी संपवा, बाकीच्यांचं मिनिमम चुकवू नका.