चरण, ओळ आणि कडवे

‘चरण’ म्हणजे कवितेची ओळच ना, असे येथे विचारले गेले आहे. सोलापुरात नववी-दहावीच्या मुलांना मराठी शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घोटाळ्याचे मूळ बहुधा पाठांतरात आहे. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तातले. त्यांचे 12 अक्षरांचे चार चरण चार ओळींतच छापलेले असतात, त्यामुळे ओळ आणि चरण ही जोडी मुलांच्या डोक्यात पक्की बसते. ‘मोठा अभंग’ हा चार चरणांचा छंद समोर आला की ती मोडते. तेव्हा मी फळ्यावर स्वतःच जुळवलेले, त्यांच्या घराजवळचे उदाहरण लिहितो :

मागावरी धोटा धावे भराभर ।
विणतो चादर रात्रंदिन ॥

ओळी दोन, पण चरण चार. ‘मागावरी धोटा’, ‘धावे भराभर’ आणि ‘विणतो चादर’ हे 6 अक्षरांचे तीन चरण, तर ‘रात्रंदिन’ हा 4 अक्षरांचा चौथा; ‘त्रं’ हे जोडाक्षर एकच धरायचे, दोन नव्हे, येथेही बरीच मुले चुकतात. यमक पाहिले तर ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांच्या शेवटी जुळते, म्हणजे एक ओळीच्या टोकाला आणि दुसरे ओळीच्या मध्यावर पडते. ओळ कोठे तोडायची हे छापणारा पानाच्या रुंदीवरून ठरवतो, चरण मात्र छंद ठरवतो. (घरी यंत्रमाग असलेल्या एका विद्यार्थ्याने ‘रात्रंदिन’ऐवजी ‘दोन पाळ्यांत’ सुचवले होते. वस्तुस्थिती त्याचीच खरी होती, पण अक्षरे 5 झाल्यामुळे दुरुस्ती नामंजूर करावी लागली.)

अनेक चरणांचा मिळून होणारा गट म्हणजे कडवे. अपभ्रंश काव्यातल्या ‘कडवक’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. पालुपद दर कडव्यानंतर परत येते, आणि बोलण्यात ‘तेच ते पालुपद’ म्हणताना आपण हाच अर्थ वापरतो.

एक अडचण मात्र उरते. कीर्तनात बुवा ‘अभंगाचे पहिले चरण’ म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा वर दिल्यासारखी चार चरणांची पूर्ण जोडणीच अभिप्रेत असते. संप्रदायातला तो रूढ वापर आहे, त्याला चूक म्हणू नये. व्याकरणाच्या उत्तरपत्रिकेत मात्र अक्षरे मोजून चारच चरण लिहावेत.