मदत हवी आहे: आजारावरचा ताबा मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी केमोथेरपी घेणाऱ्या बायकांना आपल्या आजारावर कितपत ताबा वाटतो, हे मोजायचंय. वॉलस्टन आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या 'फॉर्म सी' या प्रश्नावलीत, आजार कोणाच्या हाती आहे असं रुग्णाला वाटतं हे विचारणारी १८ विधानं आहेत: स्वतः, नशीब, डॉक्टर आणि इतर माणसं असे चार भाग. आजार देवाच्या हाती आहे असं किती वाटतं, हे मोजायला १९९९ मध्ये वेगळी मापनी आली. आपल्याकडे ती जोडायलाच हवी असं मला वाटतं. खरी अडचण पुढेच आहे. प्रत्येक विधानाला 'अजिबात पटत नाही' ते 'पूर्ण पटतं' अशा सहा पर्यायांतून एक निवडताना बायका अडखळतात आणि शेजारी बसलेला मुलगा किंवा नवराच उत्तर देऊन टाकतो. मग मोजलं ते मत कोणाचं? कर्करोग विभागातल्या परिचारिका, समुपदेशक यांनी कृपया सांगावं: नातेवाइकांना न दुखावता तुम्ही रुग्णाशी एकांतात कसं बोलता? आणि कुणाकडे नीट तपासून घेतलेला मराठी अनुवाद आहे का?