रांग महापालिकेच्या शाळेला पण लागते

‘ऐपत नसलेलेच पोरांना महापालिकेच्या शाळेत घालतात’ हे कोल्हापुरात तरी पटायचं नाही. जरगनगरच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात पहिलीच्या प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालकांची झुंबड उडते. शाळा महापालिकेची, माध्यम मराठी. ओढा शिष्यवृत्तीच्या निकालामुळं. (एवढ्याशा पोरांना आत्तापासून शिष्यवृत्तीच्या मागं लावावं का, हा वाद वेगळा.)

मुलाखतीचं टेन्शन घेऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची मुलाखत घेताच येत नाही. पहिल्यांदा सापडले तर २५ हजारांपर्यंत दंड. आमच्या लेकीला एका शाळेत रंग ओळखायला लावले होते. ती तक्त्याकडं ढुंकून न बघता मॅडमच्या बांगड्या मोजत बसली. आम्ही तिथला फॉर्मच भरला नाही.