नवख्या खेळाडूचे गुण बघायचे की आणखी काही?

रामदासपेठ_गार्ड:
एनबीएतल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) नवख्यांबद्दल विचारायचं होतं. एक जण 22 वर्षांचा, पहिल्याच हंगामात सामन्यामागे 16 गुण काढतो. दुसरा 19 चा, बेंचवरून येतो, 7 गुण. आमच्या नागपूरच्या ग्रुपमध्ये सगळे पहिल्याच्याच बाजूने. पुढच्या चार वर्षांचा अंदाज बांधायला नेमकं काय बघायचं?

विदर्भ_हूप्स:
भाऊ, ते गुण किती शॉटमध्ये आले ते आधी बघा. फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) संख्या गुणिले 0.44, त्यात बाकीचे शॉट मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि गुणांना तिने भागा. हे ट्रू शूटिंग, म्हणजे शॉटच्या मानाने गुण किती निघाले त्याचं माप. 15 शॉट, 3 फ्री थ्रो, 16 गुण असतील तर 49 टक्के. लीगची सरासरी सध्या 57-58 आहे, म्हणजे ते 16 गुण संघाला महाग पडतात.

वयाचा फरक तर फारच मोठा. 2013 चा ड्राफ्ट (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडणं) घ्या. मायकेल कार्टर-विल्यम्स 16.7 गुणांवर रूकी ऑफ द इयर (वर्षाचा सर्वोत्तम नवखा) झाला, पण साधी शूटिंग टक्केवारी 40.5 आणि थ्रीची (तीन गुणांच्या लांबच्या शॉटची) 26.4. वय 22. संघ फिलाडेल्फिया, 19 विजय आणि 63 पराभव, आणि खेळ लीगमध्ये सर्वांत वेगवान. वेगामुळे पझेशन (चेंडू संघाच्या ताब्यात येण्याच्या खेपा) वाढतात, सामन्यामागचे आकडे फुगतात. म्हणून 100 पझेशनमागचे आकडे बघायचे. त्याच ड्राफ्टमध्ये 15 वा निवडला गेलेला यानिस अँटेटोकोम्पो पहिल्या हंगामात 6.8 गुणांवर होता. हंगाम सुरू झाला तेव्हा वय 18. 2019 आणि 2020 चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, तोच.

सीताबर्डी_झोन:
बरोबर, पण उलटं टोकही गाठू नका जी. बेंचवरच्या पोराला बहुतेक शॉट दुसऱ्याच्या पासवर मोकळे मिळतात, त्याचं ट्रू शूटिंग चांगलं दिसणारच. स्वतः ड्रिबल करून घेतलेले शॉट वेगळे मोजा. सामन्याचा निकाल जवळपास ठरून गेल्यावरची शेवटची मिनिटंही वगळा.

थ्रीच्या टक्केवारीने फार फसगत होते. खरा 35 टक्क्यांचा शूटर 100 प्रयत्नांत नुसत्या योगायोगाने 30 किंवा 40 दाखवू शकतो. त्यापेक्षा फ्री थ्रो बघा: 80 च्या वर असेल तर थ्री सुधारण्याची आशा बरीच, 65 च्या खाली असेल तर हाताच्या तंत्रातच काहीतरी अडतंय. युरोपातून आलेल्यांची थ्रीची रेषा 6.75 मीटरवर असते. एनबीएची वरच्या भागात 23 फूट 9 इंच, म्हणजे जवळपास अर्धा मीटर लांब. पहिल्या हंगामात टक्केवारी घसरली तर लगेच निकाल देऊ नका.

रामदासपेठ_गार्ड:
आणि डिफेन्स? त्याचे आकडे तर कुठे नीट सापडत नाहीत.

सीताबर्डी_झोन:
त्याला सामनाच बघावा लागतो. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना फक्त त्याच्यावर नजर ठेवा. मदतीला एक पाऊल आधी सरकतो का, शूटरकडे परत जाताना पाय आखडते घेऊन थांबतो का, की तोल जाऊन पुढे निघून जातो? सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) असेल तर 36 मिनिटांमागे किती फाउल होतात तेही बघा. पाचच्या वर गेले की कोच त्याला कोर्टवर ठेवूच शकत नाही. ही संख्या दुसऱ्या हंगामात उतरली, तर तो खेळ वाचायला शिकतोय.