चर्चा : आधी पक्ष ठरतो की आधी मतं?

धूसर
पुस्तकातला नागरिक आधी विचार करतो, मग पक्ष निवडतो. मला हे उलटं वाटतं. आधी 'आपली माणसं' ठरतात, मग त्यांची मतं आपली होतात. कारणं सर्वात शेवटी जुळवली जातात.

जेफ्री कोहेन यांचा 2003 सालचा प्रयोग बघा. अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे गरीब कुटुंबांसाठीच्या दोन योजना ठेवल्या : एक दरमहा 800 डॉलरची, दुसरी दरमहा 250 ची. योजनेचा मजकूर तोच, बदललं फक्त 'या पक्षाचा पाठिंबा आहे' हे वाक्य. डेमोक्रॅटांची म्हणून सांगितल्यावर त्या पक्षाकडे झुकलेल्या उदारमतवाद्यांनी 250 वाली तुटपुंजी योजना उचलून धरली, आणि रिपब्लिकनांची म्हणताच त्यांच्याकडे झुकलेल्या पुराणमतवाद्यांना 800 वाली पटली. वर दोघांचा दावा हाच, की आम्ही योजनेचा तपशील पाहून ठरवलं!

फिलिप कॉन्व्हर्स यांनी अमेरिकी मतदारांच्या 1956 च्या मुलाखती तपासून 1964 साली मांडलेला हिशेबही असाच आहे. खऱ्या अर्थाने विचारसरणीच्या चौकटीत बोलणारे सुमारे 2.5 टक्के, अर्धवट तसे बोलणारे 9. सर्वात मोठा गट, 42 टक्क्यांचा, 'हा पक्ष आमच्यासारख्यांचा' एवढ्यावर थांबलेला.

रोखठोक
धूसरराव, लोकांपुढे पक्षाचं नाव ठळक आणि योजना चार ओळींची ठेवलीत, तर ते नावच धरणार. दुसरं धरायला आहे काय? जॉन बुलक यांनी 2011 साली योजनेचा तपशील भरपूर दिला, तेव्हा पक्षाचं नाव समोर असूनही तपशिलाचा परिणाम निदान तितकाच निघाला.

शिवाय आयुष्य मतं हलवतं, याचा पुरावा व्हिएतनाम युद्धासाठीच्या अमेरिकेतल्या सक्तीच्या लष्करभरतीत आहे. 1 डिसेंबर 1969 ला जन्मतारखांची सोडत निघाली. काचेच्या भांड्यात 366 कुप्या, प्रत्येकीत एक तारीख. 14 सप्टेंबर या जन्मतारखेला क्रमांक 1 मिळाला. पुढे 195 पर्यंतच्या क्रमांकांना बोलावणं आलं, बाकीचे सुटले. कुणाला कोणता क्रमांक लागेल, यात घरच्या संस्कारांचा हात नाही. एरिक्सन आणि स्टोकर यांनी 2011 साली दाखवलं, की लहान क्रमांकवाले तरुण अधिक युद्धविरोधी आणि अधिक उदारमतवादी झाले. किशोरवयातला पक्षही त्यांनी जास्त प्रमाणात सोडला. 1990 च्या दशकातल्या मुलाखतींतही त्याच्या खुणा होत्या.

मोजपट्टी
गंमत म्हणजे हे तरुण ज्या पाहणीतले, ती 1965 ची जेनिंग्ज-नीमी पाहणी, सहसा धूसर यांच्या बाजूने दाखल केली जाते. शाळेच्या शेवटच्या वर्षातले 1,669 विद्यार्थी आणि त्यांचे पालक. पक्षाबाबत पालक-मुलांचा सहसंबंध 0.47 (1 म्हणजे तंतोतंत). पण शाळांतल्या वर्णीय एकत्रीकरणावर (गोऱ्या-काळ्या मुलांनी एकाच शाळेत शिकण्यावर) 0.34, शाळेतल्या प्रार्थनेवर 0.29, आणि राजकारणाबद्दलच्या अविश्वासावर जेमतेम 0.12. म्हणजे घरातून पक्ष बऱ्यापैकी येतो, मतं कमी येतात. 'संस्कार' हा एकच शब्द दोन्हींना लावला की घोळ सुरू होतो.

दुसरा घोळ मोजणीचा. त्याच माणसाला दोन वर्षांनी तोच प्रश्न विचारल्यावर उत्तर बदललं, की कॉन्व्हर्स म्हणणार, याला मुळात मतच नव्हतं. 1975 साली क्रिस्टोफर एकन यांनी बोट ठेवलं ते प्रश्नावर : प्रश्नच संदिग्ध असेल तर पक्कं मत असणाराही डगमगतो. उपाय साधा आहे. एका विषयावर एकच प्रश्न न विचारता अनेक विचारा आणि सरासरी घ्या. आर्थिक प्रश्न वेगळे ठेवा, सामाजिक वेगळे. 2008 साली अॅन्सोलाबेहेर, रॉडन आणि स्नायडर यांनी तसं केलं, तर मतं जवळपास पक्षनिष्ठेइतकीच स्थिर दिसली.

धूसर
सरासरीचं मान्य. पण स्थिर मत म्हणजे स्वतः कमावलेलं मत नव्हे. उसनं मतही वर्षानुवर्षं टिकतं.

सोडतीचं म्हणाल, तर युद्ध वाढवलं डेमोक्रॅट जॉन्सन यांनी, सोडत निघाली रिपब्लिकन निक्सन यांच्या काळात. तरी तरुण झुकले डेमोक्रॅटांकडेच. ज्याच्या राजवटीत चटका बसला त्याच्यावर राग काढला, एवढंच. याला विचारसरणी म्हणायचं? आणि त्या कुप्या नीट ढवळल्याही नव्हत्या. वर्षअखेरीच्या तारखांना लहान क्रमांक जास्त लागले.

रोखठोक
कुप्यांचं खरं आहे. पण डिसेंबरात जन्मलेली मुलं सोडतीआधीच डावीकडे झुकलेली होती असं दाखवा, मग हरकत मान्य.

राहिला राग. 1972 ला डेमोक्रॅटांचे उमेदवार होते मॅकगव्हर्न, युद्ध थांबवण्याचं वचन देणारे. भरतीच्या तोंडावर उभ्या तरुणाने त्यांना मत दिलं, तर त्याने उमेदवाराची भूमिका पाहिली, गेल्या राजवटीचा हिशेब नाही. आणि नुसता राग असता, तर 1973 ला सक्तीची भरती बंद झाल्यावर ओसरला असता.

मोजपट्टी
फक्त हे विसरू नका, की नमुना लहान आहे आणि त्यात फक्त महाविद्यालयाच्या वाटेवरचे पुरुष आहेत. ज्यांना शिक्षणामुळे आधी सवलत मिळायची, त्यांच्याच डोक्यावर सोडतीने अचानक तलवार टांगली. इतरांचं मत कशाने हललं, हे या आकड्यांतून निघत नाही.